सव्वा सेकंद

खारीवाव रोडच्या आमच्या गल्लीत
दोरीचं एक टोक मीटरच्या जाळीला बांधलेलं असे,
दुसरं शरयूताईच्या हातात.
शिरायचं ते फिरत्या दोरीत.
दोरी थांबवून कुणाला आत घ्यायचं नाही, नियमच होता.
मी बाजूला उभी. गुडघे नुसते लवायचे,
मान दोरीबरोबर वर-खाली,
आणि पोरं ओरडायची, "आवी जा! आवी जा ने!"

आता मी हेच काम पगारावर करते.

वर एक घर फिरतंय,
दीड तासात पृथ्वीला एक वळसा.
त्याची वाट आभाळात जवळपास जागच्या जागी,
तिच्याखालून पृथ्वी आपली कूस बदलत असते,
आणि दिवसातून एकदा
आमचा तळ त्या वाटेच्या नेमका खाली येतो.
उडायचं तर तेव्हाच.
पण तेवढ्यानं भागत नाही.
वाट डोक्यावर आणि घर कुठल्या तरी महासागरावर,
असं झालं तर धावा मागे दोन दिवस,
चौतीस फेऱ्या,
तीन माणसं, गुडघे छातीशी,
शेजारच्याच्या उलटीची पिशवी धरून.
घर हवं तेवढंच पुढे असलं, बोटभर इकडे नाही की तिकडे,
तर तीन तासांत दार.

ताई गवार मोडत होती.
"मग जोरात सोडा की तुमचं यान."
म्हटलं, तिथे जोर लावला की माणूस वर चढतो
आणि मागे पडतो.
पुढच्याला गाठायचं तर आधी खाली राहावं लागतं.
"हे मला लग्नाआधी सांगायचंस."

मग तीन तासांत पोचता कसे?
यान नाही गं, घर सरकवतो.
सहा आठवडे आधी.
तेवढं अवाढव्य धूड किलोमीटरभर वर ढकलायचं,
की त्याची एक फेरी लांबते
सव्वा सेकंदानं.
चमच्यातली साखर कपात पडायला लागतो तेवढा वेळ.
दिवसाला पंधरा-सोळा फेऱ्या,
उशीर साचत जातो, साचत जातो,
आणि ठरल्या पहाटे घर असायला हवं तिथे असतं.
यानात बसलेल्यांना वाटतं, आपण वेळेवर निघालो.

ताईचे हात थांबले नाहीत.
इतक्या सहज म्हणाली की मला आधी ऐकूच आलं नाही:
"तू शिरायचीस तेव्हा मी दोरी जरा हळू करायचे.
बाकीच्यांना नाही.
तुझ्या गुडघ्यांवरून कळायचं, आता निघेल ही.
दोन-तीन फेऱ्या आधीच ढिलं सोडायचं,
ऐन वेळी केलं असतं तर पोरांनी पकडलं असतं."

चाळीस वर्षं मी ते माझं कसब समजत होते.
नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा सांगितलं होतं.

मग मी बसल्या बसल्या मागच्या फेऱ्या मोजू लागले.
रात्री अडीचला स्टेशनवरून येणारी मी,
आणि फाटकाची कडी नेहमी काढलेली.
तिनं सकाळची शाळा सोडून दुपारची का घेतली,
माझी सुट्टी कुठल्या महिन्यात असते ते तिला कसं ठाऊक.
आणि आईच्या वेळचा तो फोन:
"घाई नाही, पण मंगळवारचं तिकीट बघ."
बुधवारी दुपारी आई तासभर शुद्धीवर होती.
माझा हात धरून माझ्याशीच बोलली.
सगळे म्हणाले, वेळेत आलीस.

वेळेत आलीस.

उद्या पहाटे चार वाजून सव्वीस मिनिटं, एकेचाळीस सेकंद.
मी रजेवर आहे, तिथे दुसरी माणसं आहेत,
आकडे माझे आहेत.
"आणि चुकलं तर?"
तर दोन दिवस.
"दोन दिवस काय,"
ताईनं गवारीच्या शिरा कागदात गुंडाळल्या,
खाली गल्लीत कुणी तरी स्कूटर आत घेत होतं.
"तू झोप. चारला मी उठवते."